पान एकसष्ट

नियमांचं पुस्तक कुणाच्या तरी मामेभावाने
बोस्टनहून आणलेलं, चार दिवसांच्या बोलीवर.
आमच्या हाती आली झेरॉक्सची झेरॉक्स,
डेक्कनवर, पन्नास पैशांना पान.
साठाव्या पानाच्या तळाशी होतं :
मेलेल्या गड्याला परत आणायचे असल्यास
आणि बासष्ट सुरू व्हायचं :
नसता हा विधी पुन्हा करू नये.
एकसष्ट आलंच नव्हतं.

वीस बाजूंचा फासा तेव्हा पुण्यात कुठे मिळायला.
चारुहासने कार्डशीटचा केला,
ड्रॉइंगच्या तासाला शिकवतात तसा,
वीस त्रिकोण, कडांना फेव्हिकॉल.
एक कोपरा जड झाला. सतरा जरा जास्तच पडायचे.
सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोललं नाही.

गरवारेच्या मागे, गच्चीवरची खोली, शनिवारी पाच ते आठ.
त्याची आई जिन्यातूनच ओरडायची,
"जुगार चालू द्या तुमचा, पोहे गार होताहेत."
बेहराम कॅम्पातून लुनावर यायचा,
मावा केकचा तेलकट पुडा घेऊन.
तो आमचा धर्मगुरू. जखमा भरायला
आजीकडून ऐकलेलं काहीतरी पुटपुटायचा, निम्मं विसरलेलं.
विश्राम तलवारवाला,
एरवी वर्गात हजेरीलाही आवाज न फुटणारा.
आणि मी चोर.
साडेआठच्या आत घरी पोचावं लागणारी चोर.

भुयार आमचंच :
कात्रजच्या तळ्याचं पाणी पेठांत आणणारा जुना नळ,
आलेखाच्या कागदावर, एक चौकोन म्हणजे दहा हात.
उच्छ्वासातून दोर सोडून खाली उतरायचं.
चारुहास ट्यूब घालवायचा, आवाज खाली आणायचा.
"पाणी घोट्यापर्यंत. समोर दगडी दार.
पलीकडे कुणीतरी श्वास घेतंय.
काय करता?"

त्या दारापाशी परीक्षा आली.
मग विश्राम पिंपरीत तीन पाळ्यांमध्ये,
चारुहास टोरांटोला,
मी लग्न, विमा कंपनी, वारज्याचा फ्लॅट.
दार राहिलं.
माझ्या कागदावर पेन्सिलीने : जीव उरले तीन.

काय करता, हे पुढे खूप जणांनी विचारलं.
बघायला आलेल्यांनी, बँकेत, सोसायटीच्या मीटिंगला.
दर वेळी मी हुद्दा सांगितला.
पण विचारून मग तसं थांबलं नाही कुणी,
मुठीत फासा धरून,
यापुढची गोष्ट खरंच माझ्यावर अडली असल्यासारखं.

बेहराम गेला दोन हजार अकरात.
चारुहासचा फोन पहाटे आला.
बराच वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला, "त्या पानावर काय असेल गं."

आता बाणेरच्या कॅफेत रविवारी अकरा टेबलं,
तरी नाव आधी नोंदवावं लागतं.
शाल्मलीच्या मखमली पिशवीत फासे,
काचेसारखे, आत सोनेरी भुकटी.
सतरा पडतात, बाकीच्यांइतकेच.
पुस्तक तिचं जाडजूड, रंगीत, एकही पान गायब नाही.
ती पाणी आणायला उठली तेव्हा हळूच एकसष्ट उघडलं.
दोरी, कंदील, खेचर यांचे भाव.

परवा त्यांचा एक गडी डेंग्यूने आडवा झाला.
"आई, बसतेस का? चोर हवाय."
मी कागद नेला, घड्यांवर तुटलेला.
खेळ चालवणारा मुलगा पंचविशीचा, दिवसा दंतवैद्य.
त्याने उजेडात धरून वाचला, हसला नाही.
"जीव तीनच?"
तीनच.
"कुठे थांबला होतात?"
दारापाशी.
त्याने मान हलवली, आवाज खाली आणला.
मागे कॉफीचं यंत्र फुसफुसलं
आणि माझ्या घोट्यांना गार लागलं.
"काय करता?"

सवयीने घड्याळ बघितलं.
साडेआठ कधीच वाजून गेले होते.

दाराला कान लावते, म्हटलं.